चौघांच्या पाठी

माझ्या वाट्याला पाठीच येतात.
पुढून ही माणसं कशी दिसतात
ते ओझरवाल्यांना विचारा.

शद्रक साळवेची पाठ : गोडाऊनचं बंद शटर.
उंच आलेला बॉल त्याच्या कपाळावर वाजला
की वालदेवीच्या पुलावरची कुत्री भुंकतात.
हवेतलं सगळं त्याचं.
जमिनीवर मात्र वळायला त्याला
मालधक्क्यावरच्या ट्रकएवढा वेळ लागतो,
मागून कुणीतरी ओरडत राहावं लागतं,
आने दो, आने दो.
तो कुणीतरी मी.

उजव्या अंगाला इरफान. किडकिडीत,
घामाने बनियन चिकटलं की मणके मोजता येतात.
पाय घालत नाही, अंगावर जात नाही,
नुसता आडवा उभा राहतो, रेशनच्या रांगेतल्यासारखा,
शेवटी समोरचाच कंटाळून बॉल बाहेर मारतो.
खोट एकच :
हात वर करून पंचाकडे बघतो, ऑफसाइड, साहेब, ऑफसाइड,
आणि पळायचं राहून जातं.
न्यायावर एवढी श्रद्धा असलेला माणूस
बॅकला ठेवू नये.

डावीकडचा दुष्यंत पगारे पुढे गेला की गेला.
त्याची पाठ मला फार लहान दिसते.

मधे, शद्रकशेजारी, सुकदेव ताजनपुरे.
बॉल कुठे येणार
हे त्याला पास देणाऱ्याच्या आधी कळतं.
सगळ्यात शहाणा बॅक. पण मुका.
'माझा' म्हणत नाही, 'तुझा' म्हणत नाही,
कारण शेजारी शद्रक आहे
आणि शद्रकने त्याच्याकडून घेतलेल्या स्प्लेंडरचं इंजिन
महिन्याभरात कसारा घाटात बसलं.
चौदा महिने झाले.
दोघांच्या मधे चार पावलांची फट.
सराव संपल्यावर मी एकट्याने मोजली आहे.
यंदाच्या अकरा गोलांतले सात
तिथूनच आत आले.

उपांत्य सामना. डिसेंबरातला रविवार,
तोंडातून वाफ, कॅम्पामागचं मैदान नदीकडे उतरतं
आणि दुसऱ्या हाफला तो उतार आमच्या पदरात.
एक-शून्यने पुढे होतो.
ओझरचा तो बुटका, सात नंबर,
त्याला स्प्लेंडरचं कुणी सांगितलं कोण जाणे,
सरळ त्या फटीतून आला
घरचं दार असल्यासारखा,
चप्पल तेवढी काढायची राहिली.
दोघांनाही वाटलं, दुसऱ्याचा.
मी पुढे आलो, आडवा पडलो,
बॉल काखेखालून गेला.
ती माझी खोट. तीही धरा.

जाळीतून बॉल काढत होतो
(कांद्याच्या गोणीच्या सुतळीने शिवलेली आमची जाळी,
माझी पाठ फक्त तिला माहीत),
तेव्हा सुकदेवचा आवाज ऐकला. गंजलेला.
"ऑइल टाकलं होतंस का कधी?"
शद्रक म्हणाला, "तू दिलं होतंस का टाकून?"

मग ते भांडले.
कॉर्नरला भांडले, थ्रोला भांडले,
हेडर मारून खाली येता येता
शद्रक प्लगबद्दल काहीतरी बोलला.
आणि भांडायचं तर ऐकू यावं लागतं,
म्हणून एकेक पाऊल सरकत
खांद्याला खांदा लागला.
बुटका तीनदा आला, तीनदा परत गेला.
दार होतं तिथे आता
दोन घामट माणसं हिशेब करत होती.

सामना आम्ही हरलो.
शेवटच्या मिनिटाला, उजवीकडून.
इरफानचा हात वर,
पंचांची शिट्टी गप्प.

सगळे बूट काढायला बसले,
ते दोघं अजून किक कुणी तोडली यावर होते,
इरफान मात्र तिथेच उभा, हात खाली येईना.
मी त्याच्याजवळ गेलो. पहिल्यांदाच पुढून पाहिला त्याला.
काय बोलणार?
ऑफसाइडच होता तो.